ओढ्याला नाला म्हणू नका

महोदय,

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याचे पाणी आमच्या सोसायटीत शिरले. पार्किंगच्या खांबावर माझ्या खांद्याच्या उंचीला त्या गढूळ पाण्याची रेघ आजही दिसते. नंतर रंगकाम झाले, तेव्हा ती आम्ही मुद्दाम तशीच ठेवली.

हा ओढा कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेला मिळतो. पेशवाईत कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले होते. ज्या पाण्यावर शहराचे हौद भरत, त्याला आज आपण ‘नाला’ म्हणतो. आणि एकदा नाला म्हटले की त्यात काहीही टाकायला हात कचरत नाही. निर्माल्याच्या पिशव्या, थर्माकोल, फाटक्या गाद्यासुद्धा पुलावरून खाली जातात. यात आम्ही रहिवासीही दोषी आहोत.

पूर आला की सीमाभिंतींची मागणी होते. पण दोन्ही बाजूंनी पात्र आवळले की पाण्याचा वेग वाढतो आणि खालच्या अंगाच्या वस्त्यांना तडाखा बसतो. पावसाळ्याआधी काढलेला गाळ काठावरच पडून राहतो आणि पहिल्या जोरदार सरीत पुन्हा पात्रात जातो. गाळ उचलून नेल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये. पूररेषा काठावर ठळक रंगवावी, म्हणजे तिथे घर घेणाऱ्याला ती पैसे भरण्याआधी दिसेल.

– एक रहिवासी, सहकारनगर, पुणे