बॉनेट पांढुरकं का पडलं

वेंगुर्ले,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय बाबल,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मॉडेल गाडीचे फोटो मिळाले. काळ्या बॉडीचे दरवाजे चकचकीत, पण बॉनेट आणि छप्पर दुधाळ. रंगाचा डबा बनावट निघाला का, असं तू विचारतोस. रंगात काही खोट नाही रे, आणि तुझा हातही बरा आहे. तुझा महिना चुकला. आपल्या किनाऱ्यावर १/२४ ची (खरीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी) प्लास्टिकची गाडी करायची तर जून ते सप्टेंबर लॅकरच्या (झटपट सुकणाऱ्या, थिनरमधल्या रंगाच्या) डब्याचं झाकण उघडायचं नाही, एवढा एक नियम पाळलास तरी निम्म्या तक्रारी जातील.

असं होतं कशाने ते सांगतो. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. तू तर स्प्रेचा डबा वापरलास. त्यातला वायू बाहेर पडताना फुगतो आणि रंग आणखी गार करतो. आता हिशेब कर. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो. म्हणजे ओला रंग तीनच अंश गार झाला की हवेतलं पाणी त्यावर धरतं, थरात अडकतं, आणि तोच तुझा पांढुरका पडदा. जानेवारीत २७ अंश आणि ५५ टक्के असताना दवबिंदू १७ च्या आसपास असतो. तेव्हा दहा अंशांची मोकळीक मिळते. बॉनेट आणि छपरावरच का आलं? आडव्या भागावर रंग जाड बसतो, थिनर जास्त वेळ उडत राहतं, गारवाही जास्त.

गणपतीच्या शाळेत ऐन श्रावणात रंगकाम चालतं, मग आपल्याला काय धाड भरली, असं तू म्हणशीलच. तिथला रंग बहुतेक पाण्यातला, तो सावकाश सुकतो. खालची माती ओल पिऊन घेते, आणि वर दिवे लावून सुकवतात ते वेगळंच. आपल्या गाडीचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, थेंबभरही पीत नाही.

बॉडी फेकू नकोस. वर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर) मारलेला नसेल तर कोरड्या दिवशी रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव्य, असलेलं थिनर (मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर चालेल) नुसतंच एअरब्रशने हलकं फवार. रंग वरून पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि काळा परत काळा दिसतो. एकदा फवारून नाही गेलं तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घास आणि एक थर नव्याने दे. सगळाच रंग उतरवायची पाळी आली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून जुन्या टूथब्रशने काढ. ॲसिटोनचं नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको. रंगाबरोबर गाडीही विरघळेल.

पण हे सगळं दिवाळीनंतर. आत्ता पावसात करण्यासारखी कामं भरपूर आहेत, आणि खरी गाडी तिथेच घडते. साच्याच्या दोन भागांची रेघ बॉडीवर कुठे कुठे आली आहे ते आधी शोध: पुढच्या मडगार्डच्या माथ्यावरून, छपराच्या खांबांवरून, मागच्या कोपऱ्यांवरून ती जाते. खिडकीजवळ तिरकी धरलीस की दिसेल. ४०० नंबरच्या पेपरने सुरुवात कर, मग ६०० आणि १०००, कायम पाण्यात. खड्डा भरायचा असेल तर ट्यूबमधली पुट्टी सुकताना आक्रसते आणि महिन्याभराने रंगाखाली खळगा दिसतो. त्यापेक्षा फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भर; ते आक्रसत नाही. मात्र तासाभरात घासून टाक. दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि आजूबाजूचं प्लास्टिकच झिजत जातं.

यानंतर दाराच्या फटी. इथे जरा थांबून वाच, कारण बाजारातली चांगली गाडी आणि घरात केलेली चांगली गाडी यांतला फरक इथेच पडतो. खऱ्या गाडीत दार आणि मडगार्ड यांच्यात पाचेक मिलिमीटरची फट असते. २४ ने भागलंस की राहिले ०.२ मिमी. प्रायमर, रंग, क्लिअर मिळून प्रत्येक बाजूला ०.१ मिमी थर चढला तरी फट बुजली! आणि तोच ०.१ मिमीचा थर खऱ्या गाडीच्या मापात २.४ मिमी होतो. एवढा जाड रंग कुठल्या गाडीवर पाहिलायस? म्हणून रंगाआधी सगळ्या फटी खोल करायच्या. ०.१५ किंवा ०.२ मिमीचं स्क्राइबर (रेघ कोरायचं हत्यार) घे, नाहीतर ब्लेडची पाठ. जोर लावू नकोस. वजन न देता आठदहा वेळा ओढ. पहिल्याच फटक्यात खोल जायला गेलास की टोक घसरतं आणि बॉनेटभर ओरखडा येतो. वळणावर मास्किंग टेपच्या दोनतीन पट्ट्या एकावर एक चिकटवून त्यांचीच पट्टी कर. कुसळं निघाली की पातळ सिमेंटचा (प्लास्टिक जोडायच्या द्रवाचा) एकच हात फटीतून फिरव, कडा गुळगुळीत होतात.

मापांचा हिशेब एकदा अंगवळणी पडला की बाकीचं सोपं जातं. प्रीमियर पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिमी, म्हणजे आपल्याकडे ९७.५. स्पार्क प्लगची वायर ७ मिमी जाड, म्हणजे ०.३. ब्रेकचा पाइप ४.७५ मिमी, म्हणजे ०.२. पेट्रोलची नळी बाहेरून १२ मिमी धरलीस तर ०.५. इंजिनात ०.५ ची वायर प्लगला लावलेली मॉडेलं पुष्कळ दिसतात आणि इंजिनात बागेचे पाइप सोडल्यासारखी वाटतात. चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनाला डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना वीज वाटून देणाऱ्या भागावर) पाच भोकं लागतात, चार प्लगची आणि मधली एक कॉइलची. लोक पाचवी विसरतात. ०.३ चा बिट पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये) लावून बोटांनीच फिरव, आधी सुईने खूण कर. हाताच्या कामाला कार्बाइडचा बिट घेऊ नकोस, जरा वाकडा दाब पडला की कडकन मोडतो. साधा हाय स्पीड स्टीलचा वाकून घेतो. तो आपल्या हवेत गंजतो हे खरं, पण शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा त्याच डबीत ठेवलास की झालं. चिमटे आणि निपर यांनाही तेच तेल.

गालिच्याला फ्लॉकिंग पावडर (बारीक मखमली धाग्यांची भुकटी), खाली पाणी घातलेला फेविकॉल. सीट आणि डॅशबोर्ड पाण्याच्या ॲक्रिलिकने ब्रशने रंगव, त्याला पावसाचं वावडं नाही, फक्त दोन थरांमध्ये रात्र जाऊ दे. सीट बेल्टची फोटो-एच (पातळ पितळी पत्र्यावर रसायनाने कोरलेली) बकलं गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर काप, कटिंग मॅटवर कापलीस तर वाकतात. पितळ खाऱ्या हवेत हिरवट पडतं, तेव्हा बोटांचा घाम पुसून लगेच मेटल प्रायमरचा हात दे.

आणि हे सगळं झाल्यावर, रंगाच्या आधी, गाडी एकदा टेपने पूर्ण जोडून बघ. चासिस, आतलं टब (सीट आणि डॅशबोर्ड बसतात तो भाग), काचा, चाकं, सगळं. नुसती बॉडी चासिसवर बसते म्हणून खूश होऊ नकोस. टबच्या कडा दाराच्या आतल्या अंगाला घासतात, काचांची जाडी त्यात भर घालते, आणि मग रंगवलेली बॉडी ताणून बसवताना पुढच्या खांबाला तडा जातो. घासायची कड आत्ता घास.

आता दिवाळीनंतरचं. तीनचारशे रुपयांचा का होईना, एक आर्द्रतामापक आण आणि रंगाच्या टेबलावरच ठेव. ६५ च्या वर काटा असेल तर चकचकीत रंग मारायचा नाही. दुपारी ऊन कडक म्हणून हवा कोरडी असेल, हा समज आपल्याकडे खोटा ठरतो. हिवाळ्यात रात्रभर मतलई वारे जमिनीवरची कोरडी हवा आणतात. सकाळी ऊन चढू लागतं तसा काटा खाली येतो. मग साडेअकरा-बाराला खारं वारं सुटलं की तो पुन्हा चढतो. म्हणजे साडेनऊ ते साडेअकरा हे आपले दोन तास. घर समुद्राला लागून असेल तर त्याहून थोडे कमीच धर.

आदल्या दिवशी बॉडी भांड्याच्या साबणाने धू, साच्याचं तेल जायला हवं. काळ्यासाठी राखाडी प्रायमर, लाल-पिवळ्यासाठी गुलाबी किंवा पांढरा. एअरब्रशला ०.३ चा नोझल, दाब १५ ते १८ पीएसआय, रंगाच्या दीडपट ते दुप्पट थिनर, अंतर आठदहा सेंटीमीटर. डबाच वापरायचा असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा कर (४० अंशांपर्यंतच, गॅसवर मुळीच नाही) आणि १५ ते २० सेंटीमीटरवरून मार. पहिले दोन थर नुसते धुक्यासारखे, मध्ये दहा मिनिटं. तिसरा ओला. लांबून मारलास तर रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो, जवळून मारलास तर दाराखाली ओघळ.

कॉम्प्रेसरचं पाणी हा आपल्याकडचा दुसरा शत्रू. दाबलेली हवा गरम असते, ती नळीत गार होते आणि तिथे पाणी सुटतं. कॉम्प्रेसरवरचा पाणी अडवणारा ट्रॅप तोवर मागे राहिलेला असतो. म्हणून एक छोटा ट्रॅप थेट एअरब्रशच्या मुठीशी लाव, आणि टाकीचं पाणी रोज काम संपल्यावर सोड.

तोंडाला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क हवा. कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही. कार्ट्रिज उघड्यावर राहिलं तर आपल्या हवेत लवकर निकामी होतं; झिप पिशवीत ठेव. आणि शेजारच्या खोलीत निरांजन तेवत असताना फवारणी नको, आईला आधी सांगून ठेव.

सुकवायला एक खोका कर. मोठा प्लास्टिकचा डबा, झाकणाला चार भोकं, कोपऱ्यात २५ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, बॉडीपासून वीतभर लांब, आत थर्मामीटर. २८ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ४० अंशांपर्यंत तापवलीस की तीच हवा ४४ टक्क्यांवर येते, पाणी काढून टाकावं लागत नाही. ४५ च्या वर जाऊ देऊ नकोस, बारीक खांब झुकतात. रंग मारल्यावर अर्धा तास बाहेर ठेवून मगच आत घाल. वाफा कोंडलेल्या डब्यात तापलेला बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) लावल्यावर दोन दिवस थांब. पहिला क्लिअर ओला मारलास तर लॅकर डिकलला खातं, सुरकुत्या पडतात. दोन धुक्याचे थर आधी, मग ओले. क्लिअर वाळला का ते नाकाने ठरव. थिनरचा वास येतोय तोवर पॉलिश नाही, आठवडा सहज जातो. मग २००० आणि ३००० पाण्यात, पुढे पॉलिशचं कंपाउंड कोर्स, फाइन, फिनिश याच क्रमाने. बॉनेटच्या धारेवर आणि मडगार्डच्या कण्यावर आधी टेप लाव. तिथे थर सर्वांत पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालचा प्रायमर दिसू लागतो.

फटींत काळी रेघ भरायला इनॅमलचा वॉश (खूप पातळ केलेला रंग) घे, तो लॅकरवर निर्धोक. उलटं, इनॅमलवर लॅकर मारलास की खालचा रंग उसळतो. आणि वॉश उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताणात बसवलेल्या भागावर, नको: थिनर आत शिरून तडे जातात. काचांना फेविक्विक लावू नकोस, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते, फेविकॉल पुरतो.

न उघडलेल्या किटची डिकलं मात्र आजच बघ. कागदावर बुरशीचे ठिपके येतात, मग पाण्यात घातल्याबरोबर तुकडे होतात. झिप पिशवी, आत सिलिका जेलची पुडी. नारिंगी दाण्यांचं घे, ते रंग बदलून हिरवट झालं की जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. तवा स्वयंपाकाचा नको.

कळव, बॉडीवर क्लिअर मारला आहेस की नाही. त्यावर पुढचं ठरेल.

तुझा,
नाना

ता. क. टायर रबरासारखे मऊ आहेत ना, ते रंगवलेल्या स्टँडवर थेट टेकवून ठेवू नकोस. त्यातलं प्लॅस्टिसायझर (टायर मऊ ठेवणारं द्रव्य) झिरपून स्टँडचा रंग चिकट होतो आणि चाकाचं प्लास्टिकही खातं. रिमच्या कडेला आधी क्लिअरचा एक थर दे, आणि टायरखाली ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेव.