मामंजींच्या कापलेल्या टॅक्सबद्दल

दारव्हा, जून २०२६

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले मामंजींचे कागद नीट पाहिले. त्यांचे २३,७०० रुपये जास्तीचे कापले आहेत आणि ते सगळे परत मिळतील. पण रिटर्न भरल्याशिवाय एक रुपयाही येणार नाही.

कापले कसे ते बघ. ३० जून २०२५ ला ते रिटायर झाले, तरी पगारबिलात १,१०,००० चा पगार बारा महिने धरून टॅक्स मोजला. म्हणून महिन्याला ३,९०० प्रमाणे तीन महिन्यांचे ११,७०० गेले. पुढे ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनचा (पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी घेतलेला) पैसा एफडीत टाकला. त्यावर १,२०,००० व्याज झालं, बँकेने १० टक्के म्हणजे १२,००० कापले. मामंजी अजून साठीच्या आत आहेत, त्यामुळे बँक टॅक्स कापत नाही ती व्याजाची मर्यादा त्यांना ५० हजारांचीच; १ लाखाची ज्येष्ठांना असते.

आता खरा हिशेब. पगार ३,३०,०००, नऊ महिन्यांची पेन्शन ३,६०,०००, व्याज १,२०,०००, एकूण ८,१०,०००. त्यातून पगार-पेन्शनवरची ठरावीक वजावट ७५,००० वजा, उरले ७,३५,०००. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य. ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम यात मिळवू नको, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ती करमुक्त आहे. पगाराचा एक आणि पेन्शनचा एक अशा दोन्ही फॉर्म १६ वर (कापलेल्या टॅक्सचा दाखला) ७५,००० ची वजावट दिसेल, पण ती वर्षाला एकदाच मिळते. दोनदा घेतली तर नोटीस येऊ शकते.

भरण्याआधी २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा सरकारी तक्ता) उघडून ओळ न ओळ ताळून बघ. पगाराचे ११,७०० तिथे नसतील, तर कार्यालयाने टीडीएसच्या (कापलेल्या टॅक्सच्या) तिमाही विवरणात बहुधा पॅन चुकीचा टाकला असणार. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तरी कपात दुसऱ्याच्या नावावर जाते. त्यांच्याकडून दुरुस्त विवरण भरून घे, मगच पुढे जा. नुसतं फॉर्म १६ वर छापलेलं असून भागत नाही, रिफंड २६एएस पाहूनच निघतो.

इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर करनिर्धारण वर्ष २०२६-२७ आणि 'सहज' (आयटीआर-१) फॉर्म निवड. पगार आणि पेन्शन वेगवेगळ्या नोंदींत भर. मग बँक खातं पडताळून घे. विदर्भ कोकण ग्रामीण बँक मे २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिसळली, तेव्हा शाखेचा आयएफएससी कोड जुन्या पासबुकावरून उतरवू नको, शाखेत विचारून घे. खात्यावरचं नाव पॅनसारखंच हवं, आणि पॅन आधारला जोडलेलं हवं.

शेवटची पायरी आधारच्या ओटीपीची. ती ३० दिवसांत झाली नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. आधारला मामंजींचा जुना, बंद पडलेला नंबर असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या.

मुदत ३१ जुलै. डवरणी-निंदणाच्या दिवसांत ती तारीख निघून जाते, आणि मग याच रिफंडातून ५,००० लेट फी जाते. गावात कोणी खोट्या वजावटी टाकून मोठा रिफंड काढून देतो म्हणाला, तर मामंजींचा पासवर्ड त्याच्या हाती देऊ नका.

२६एएस उतरवलं की मला व्हॉट्सॲपवर टाक, मी त्यातले आकडे फॉर्म १६ आणि बँकेच्या कागदांशी लावून बघतो.

तुझे बाबा