आजींच्या तळघराला थंडीआधी ऊब हवी : मंडळाचे कळकळीचे आवाहन

डेट्रॉइटच्या आपल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांना आणि हितचिंतकांना सप्रेम नमस्कार.

आजींना जाऊन सात महिने झाले. हे पत्र मे महिन्यातच निघायला हवं होतं. वर्गणी, सहल, गणपती आणि दिवाळी अंक यांच्या धबडग्यात राहून गेलं. उशीर माझा, कार्यकारिणीचा नाही. पण डेट्रॉइटची थंडी कार्यवाहांच्या सवडीने येत नाही, आणि आजींच्या चर्चच्या तळघरातला बॉयलर गेल्या फेब्रुवारीपासून बंद आहे. म्हणून आज दिवाळीचा फराळ अर्धवट टाकून लिहायला बसले आहे.

गणपतीत मी स्टेजवरून आजींचा उल्लेख केला, तेव्हा दोन-तीन नव्या सभासदांनी नंतर येऊन विचारलं, "या आजी कुणाच्या?" त्यांचा काहीच दोष नाही, पण ऐकून मनात चर्र झालं. आजी आपल्यापैकी कुणाच्या नात्यातल्या नव्हत्या. अलाबामातून आलेल्या कृष्णवर्णीय बाप्टिस्ट घरातल्या. चर्चमध्ये थोर बाईला 'मदर' म्हणायची रीत आहे, तिथे त्या 'मदर' होत्या. आपल्या पहिल्या पिढीने मात्र पहिल्याच वर्षी त्यांना 'आजी' केलं. तेव्हा त्या जेमतेम बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या असतील! पुढे एकशे एकाव्या वर्षापर्यंत त्यांनी ते नाव पुरवलं.

मी इथे आले १९९४ साली, त्यामुळे पहिल्या गणपतीची गोष्ट ऐकीव. पण इतिवृत्ताची वही समोर आहे. १९७६ साली चौदा कुटुंबं, एक पेणहून आलेली मूर्ती आणि जागा नाही. चार हॉलवाल्यांनी मूर्ती, उदबत्ती वगैरे ऐकून नकार दिला होता. कुणीतरी वेन स्टेट विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला आजींच्या चर्चचं तळघर सुचवलं. तिथेही डीकन मंडळी, म्हणजे चर्चचे कारभारी, कुरकुरलीच. स्वयंपाकघराचा कारभार आजींकडे होता. त्यांनी विचारलं, "आहे काय नक्की?" आपले एक काका गडबडीत म्हणाले, "देवाचा वाढदिवस आहे." आजींनी किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "वाढदिवस म्हटला की जागा लागणारच." आरतीच्या वेळी त्या पाण्याची बादली घेऊन पडद्याशेजारी उभ्या राहिल्या, कारण निरांजन त्यांना पटलेलं नव्हतं. ती बादली पुढे बावीस वर्षं प्रत्येक आरतीला होती. वहीत नोंद आहे : 'सभागृह भाडे २५ डॉलर. पैकी परत २५ डॉलर, नैवेद्यासाठी.' पुढच्या पानांवर दरवर्षी तीच नोंद आहे.

आता त्यांच्याविषयी, कारण हे कुणीतरी मराठीत लिहून ठेवायला हवं.

आजींचा जन्म १९२३ चा, अलाबामात, विलकॉक्स काउंटीत. जन्माचा दाखला नाही. सुईणीने बाळंतपण केलं आणि वडिलांनी घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, 'मुलगी, कापूस वेचणीच्या दिवसांत.' पुढे पेन्शनसाठी वयाचा पुरावा मागितला तेव्हा त्या ते अख्खं बायबल काखेत मारून कचेरीत गेल्या. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे. हिशेब मालकाचा, वजनकाटा मालकाचा, त्यामुळे वर्षअखेरीला देणंच निघायचं. आपल्याकडच्या सावकारीच्या गोष्टी ऐकल्या की आजी म्हणायच्या, "तो आमच्या गावचाच दिसतोय."

१९४३ च्या वसंतात, एकोणिसाव्या वर्षी, त्या डेट्रॉइटला आल्या. दक्षिणेतून सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दोन पिढ्यांत उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली, त्यांतल्या त्या एक. येऊन काही आठवडे होतात तोच जूनमध्ये वांशिक दंगल पेटली. चौतीस माणसं गेली, त्यांतली पंचवीस कृष्णवर्णीय. तीन दिवस आजी मावशीच्या न्हाणीघरात झोपल्या. पुढच्या वर्षी त्यांनी रूझवेल्टना मत दिलं. त्यांच्या आईला अलाबामात मत द्यायला १९६५ चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत थांबावं लागलं.

हेस्टिंग्ज स्ट्रीटजवळ, ब्लॅक बॉटम भागात त्यांचं पहिलं बिऱ्हाड होतं. ती वस्ती पाडून तिथून क्रायस्लर फ्रीवे काढला. टायगर्सची बेसबॉल मॅच बघायला आपण आय-३७५ वरून गाडी हाणतो ना, तिथेच कुठेतरी आजींचं स्वयंपाकघर होतं. एकदा मी त्यांना गाडीतून नेत होते. त्यांनी उतारावर बोट दाखवून म्हटलं, "हळू घे, माझी चूल आहे."

शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काम केलं. चारशे मुलांचं जेवण अकराच्या ठोक्याला तयार. जून १९६३ मध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरून लाखाहून अधिक लोकांचा मोर्चा गेला, डॉ. किंग बोलले, त्यात आजी दोन मुलांना घेऊन चालल्या. वॉशिंग्टनच्या मोर्चाच्या दोन महिने आधीची ही गोष्ट. मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "काय वाटलं?" त्या म्हणाल्या, "नवे बूट घातले होते. कोबो हॉल येईपर्यंत हातात घेतले." मोर्चा तिथेच संपला होता. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स १९५७ पासून डेट्रॉइटमध्येच राहत होत्या. २००५ साली त्या गेल्या तेव्हा म्युझियमबाहेर रात्री रांग होती. ब्याऐंशी वर्षांच्या आजी त्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासोबत आपल्या मराठी शाळेतल्या तीन मुली. त्यातली एक आता शिकागोत वकील आहे.

दोन प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पहिला गोधडीचा. सातारकडच्या एका सभासदाच्या आई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. इंग्रजीचा गंध नाही. दुपारी कंटाळून जायच्या म्हणून लेकाने त्यांना तळघरात आणून सोडलं. आजी अलाबामाहून आणलेलं जुनं पांघरूण दुरुस्त करत होत्या. वडिलांच्या कामाच्या विजारींचे तुकडे, पिठाच्या पोत्याचं अस्तर. एका निळ्या तुकड्यावर खिसा उसवून काढलेली जागा बाकीच्यापेक्षा गडद होती. सातारच्या आईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं बया, ही तर वाकळ!" मग सुई मागून घेतली आणि शेजारी बसल्या. दोघी महिनाभर रोज बसत. काय बोलत होत्या ते त्यांनाच माहीत. ती वाकळ आजींच्या शवपेटीवर होती. धावदोऱ्याच्या एका कोपऱ्यातले टाके आपल्या बाईचे.

दुसरा १९९० मधला, महात्मा फुल्यांच्या स्मृतिशताब्दीचा. कार्यक्रम तळघरातच होता. कुणीतरी सांगितलं की जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे, ती वाचून दाखवली. आजी मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांची आजी जन्माने गुलाम. स्वातंत्र्य आलं तेव्हा सातेक वर्षांची. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला कुणी सांगितलं नसणार." पुढे बराच वेळ गप्प होत्या. जाताना त्या पानाची झेरॉक्स मागितली. ती त्यांच्या बायबलमध्ये, पेन्सिलीच्या त्या पानाशेजारी आहे. मार्चमध्ये मी डोळ्यांनी पाहिली.

आता मुद्द्याचं. १९७८ च्या बर्फवादळानंतर ज्यांच्या घरात हीटिंग नव्हतं त्यांच्यासाठी आजींनी तळघर उघडलं आणि तिथून दर बुधवारचं जेवण सुरू झालं. येईल त्याला, काही न विचारता. २००३ च्या ऑगस्टमध्ये सगळीकडची वीज गेली तेव्हा फ्रीझरमधलं वितळेल ते सगळं रस्त्यावर भाजून वाढलं. आपल्या शाकाहारी विद्यार्थ्यांना त्या रात्री फक्त मक्याची कणसं मिळाली, पण मिळाली.

या कामात मंडळाने पूर्वी काय केलं तेही सांगायला हवं, आणि अभिमानाने सांगते. फोर्डमधून निवृत्त झालेल्या आपल्या काकांनी १९९१ साली मोठा फ्रिज दिला. तो अजून चालतो आणि काका नव्वदीत आहेत, दोघेही खणखणीत. फार्मिंग्टन हिल्सच्या काकू अकरा वर्षं दर बुधवारी चवळीची उसळ करून नेत होत्या. चर्चमध्ये नववर्षाच्या दिवशी चवळी खातातच, आपल्या काकूंनी ती वर्षभर खायला लावली. एका मुलीने अरंगेत्रमच्या आहेराचे ५५१ डॉलर आणून आजींच्या हातात ठेवले. विद्यार्थ्यांनी अकरा-अकरा डॉलर जमवले, त्यात सुटी नाणी किती होती ते आपल्या खजिनदारांना विचारा! एका डॉक्टर दांपत्याने भांडी धुण्याचं यंत्र दिलं आणि नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. या सगळ्यांचे ऋण मोठे आहेत.

आणि हे लिहू की नको असा विचार दोन दिवस केला, पण लिहिते. बॉयलर कुरकुरायला लागला तेव्हा, २०२३ च्या डिसेंबरात, आम्ही ४१२ कुटुंबांना पत्र पाठवलं. उत्तरं आली एकोणीस. एकांनी कराची पावती मिळेल का विचारलं, मिळेल म्हटलं, पुढे काही नाही. दुसऱ्या एकांनी लिहिलं की आम्ही आता एट माईलच्या (डेट्रॉइटच्या उत्तर हद्दीवरच्या रस्त्याच्या) अलीकडे शहरात येत नाही, तो भाग बरा नाही. त्याच भागाने आपल्याला जागा दिली तेव्हा आपण कुणाला बरे वाटत होतो? असो. ट्रॉय, नोव्हाय, कँटन अशा उपनगरांत घरं झाली, मोठे हॉल परवडायला लागले, चांगलंच झालं. आजींनी कधी शब्दाने विचारलं नाही. फक्त दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोन यायचा, "वाढदिवस कधी आहे?"

मार्चमध्ये अंत्यविधीला आपले एकवीस लोक होते. चर्चच्या सगळ्या 'मदर' पांढऱ्या पोशाखात, आणि आपल्या काकू पांढऱ्या साड्यांत. तीन तास गाणं, रडणं, हसणं, नंतर खाली तळघरात जेवण. सगळे कोट घालून जेवले. नातीने छापील पत्रिकेत लिहिलं होतं, फुलं नकोत, बुधवार चालू राहू दे.

तर बुधवार चालू राहण्यासाठी : नव्या बॉयलरचा खर्च ३१,००० डॉलर. चर्चकडे जमले १४,०००. आपल्या कार्यकारिणीने १०,००० चा शब्द दिला आहे, बाकी चर्चचे लोक करत आहेत. आपले आजवर जमले ३,१४०. कंत्राटदाराचा भाव १५ नोव्हेंबरपर्यंतच धरलेला. चेक मंडळाच्या नावे, झेलने (Zelle, बँकेतून थेट) पैसे पाठवायला खजिनदारांचा तोच पत्ता जो वर्गणीच्या पत्रकावर आहे. करसवलतीची पावती मिळेल (नक्की). ज्यांच्या कंपनीत मॅचिंग आहे (म्हणजे आपल्या देणगीत कंपनी भर घालते) त्यांनी आधी पैसे भरून मग अर्ज करावा, उलट करू नये. शनिवार, ८ नोव्हेंबरला सकाळी ९ ला तळघर रिकामं करायचं आहे, सहा धडधाकट माणसं हवीत, हातमोजे आणावेत, जेवण मिळेल. बुधवारच्या वाढपासाठी दोघं-दोघं लागतात, नावं माझ्याकडे. रक्कम कितीही चालेल. चेकच्या मेमोमध्ये नुसतं 'आजी' लिहिलं तरी पोचेल.

आपली,
कार्यवाह

ता. क. तळघरातल्या कपाटातलं मंडळाचं मोठं पितळी पातेलं, ज्यावर १९७६ कोरलेलं आहे, गेल्या वर्षीच्या कोजागिरीपासून दिसत नाही. ज्यांच्या गॅरेजमध्ये असेल त्यांनी ८ तारखेला येताना आणावं. कोणी नेलं हे विचारणार नाही.