ऊन आलं म्हणून निघू नकोस

प्रिय मित्रा,

चार महिने पत्र नाही, शिव्या मान्य. तब्येत बरी, गुडघा जिथल्या तिथे. पण ‘पहाटे निघतो, ऊन आलं की धुकं पळेल’ हे तुझं वाक्य वाचलं आणि राहवेना.

अरे, ऊन आलं की धुकं बऱ्याचदा आधी दाट होतं! रात्री जमिनीलगत साचलेली गार हवा आधीच ओलीचिंब असते. पहिल्या उन्हानं दव वाफ होऊन तिच्यातच शिरतं, हवा जराशी ढवळते आणि मघाशी दिसणारं झाडही गायब. मग जमीन तापते, तळची हवा कोरडी होते, धुकं खालून विरत जातं. वर ढग असले, तर आणखी उशीर. ‘धुकं उठतं’ असं तू म्हणायचास, मी ‘विरतं’ म्हणायचो, आणि बापूंनी निकाल तुझ्या बाजूनं दिला, कारण पत्त्यांत तू त्यांचा भिडू. वरचा थर कधीकधी ढग होऊन राहतो खरा, तेव्हा अर्धा गुण घे.

आदल्या संध्याकाळी हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा) बघ. फरक २-३ अंशांचा, आकाश निरभ्र, जमीन पावसानं भिजलेली आणि वारा ताशी ५-१० किलोमीटर, म्हणजे पहाटे धुकं आलंच समज. वारा अगदीच पडला तर नुसतं दव पडतं, फार तर गुडघाभर धुकं (माझ्या गुडघ्याएवढंच निरुपयोगी). जोराचा वारा वरची कोरडी हवा खाली आणून ते मोडतो.

मात्र समुद्रावरून आलेलं धुकं या हिशेबात धरू नकोस. उबदार दमट हवा थंड पाण्यावरून सरकताना ते होतं, वाऱ्यातही टिकतं, भर दुपारीही. वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत थांबायचं. घाटातलं तर डोंगर चढताना गार झालेल्या हवेचं. खालून दिसतो तो ढग, आत शिरलास की धुकं. तळ्यावरच्या वाफांची काळजी नको, काठापासून थोडं दूर गेलं की संपतात.

आणि गाडीचा अप्पर (दिव्याचा लांबचा झोत) लावू नकोस! थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, पण असंख्य. सगळा उजेड तुझ्याच डोळ्यांवर परत येतो. डिपर (खालचा झोत) ठेव. समोरचा दिवा दिसल्यावर गाडी थांबेल एवढाच वेग.

नव्या नोकरीचं अभिनंदन राहिलंच. वहिनींना नमस्कार, मिनूचा निकाल कळव. निघताना फोन कर, नऊनंतर.

तुझाच,
भांडखोर