शिकाऱ्याच्या पावत्या

वॉसॉ, विस्कॉन्सिन, अमेरिका
७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी इकडे खुशाल आहे. परवा फोनवर ‘सध्या एका शिकाऱ्याचे काम हातात आहे’ एवढे मी म्हणालो आणि आवाज तुटला. तेवढ्यावरून घरात काय काय चर्चा झाली, ते मनीने कळवले. अक्काला सांगा की मी बंदुकीला हात लावलेला नाही, हरणाचे मांस खाल्लेले नाही आणि तिने घातलेली माळ अजून गळ्यातच आहे. ऑफिसातल्या एकाने हरणाच्या सॉसेजचे पाकीट प्रेमाने दिले होते, ते मी शेजारच्या टेबलावर पोहोचते केले. मी शिकाऱ्याचे फक्त हिशेब लिहितो.

इथला हा हंगाम तुम्हाला नीट सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग या इथल्या मोठ्या सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरीण मारण्याची परवानगी असते आणि त्या दिवसांत आमचे अर्धे ऑफिस रिकामे होते. रजा कोणी मागत नाही. ती गृहीतच असते, जशी आपल्याकडे वारीला जाणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. एकमेकांची गोळी एकमेकांना लागू नये म्हणून कमरेच्या वरचा कपडा किमान निम्मा भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा, असा कायदाच आहे. पहिल्या वर्षी पहाटे पेट्रोल पंपावर थंडीत चहा-कॉफीसाठी उभी असलेली नारिंगी रांग पाहून मला क्षणभर दिंडीच वाटली होती. (हे अक्काला वाचून दाखवू नका.) आईने विचारले होते म्हणून सांगतो, मी त्या दिवसांत जंगलाच्या बाजूला फिरकतही नाही.

आता कामाचे. माझ्याकडे आलेल्या गृहस्थांचे नाव मी सांगणार नाही, कारण गिऱ्हाइकाचे कागद बाहेर फोडणे हा इथे कर सल्लागारासाठी गुन्हा आहे. आकडेही मुद्दाम गोल केले आहेत. हे निवृत्त गृहस्थ लहानपणापासून शिकार करतात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी वाटाड्याचा परवाना काढला आणि बाहेरगावच्या शिकाऱ्यांना पैसे घेऊन जंगलात नेऊ लागले. मारलेल्या हरणाचे मांस विकता येत नाही, त्यामुळे मिळकत ती एवढीच. बहुतेक वर्षी ९,००० डॉलर येतात आणि १४,००० जातात. उरलेला ५,००० चा तोटा पेन्शनमधून वजा करून कर कमी भरावा, अशी त्यांची इच्छा आहे.

इथल्या करकायद्यात १८३ वे कलम आहे, ते १९६९ मध्ये आले. नफ्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, हे त्याचे सार. पाचपैकी तीन वर्षे नफा दिसला तर तो धंदा आहे असे गृहीत धरतात. घोड्यांच्या पैदाशीला आणि शर्यतीला सवलत जास्त, सातपैकी दोन वर्षे. या गृहस्थांना नफा एकाच वर्षी झाला. म्हणून लगेच छंद ठरतो असे नाही, पण मग नियमांत दिलेल्या नऊ बाबी एकेक करून तपासतात: वह्या धंद्यासारख्या ठेवल्या आहेत का, वेळ किती देता, जाणकारांचा सल्ला घेतला का, तोटा होत असताना पद्धत बदललीत का, पोट दुसऱ्या उत्पन्नावर चालते का, वगैरे. ‘मग मला मजा येते हाच माझा गुन्हा का?’ असे त्यांनी जरा चिडून विचारले. मजा ही त्या नऊ बाबींपैकी एक आहे, पण केवळ कामात आनंद मिळतो एवढ्यावरून धंदा नाकारता येत नाही, असे नियमातच लिहिले आहे, हे मी त्यांना दाखवले. माणूस तेवढ्याने निवळला.

खरी अडचण पुढे आली. त्यांनी काडतुसांच्या रिकाम्या खोक्यातून पावत्या आणल्या होत्या. वर्षभर ट्रकच्या काचेखाली उन्हात पडल्यामुळे निम्म्या पावत्यांवरची शाई उडालेली, कागद नुसता पिवळा. बँकेचे खाते घरखर्चाचे आणि धंद्याचे एकच. स्वतःच्या शिकारीची काडतुसे कोणती आणि गिऱ्हाइकासाठीची कोणती, ते त्यांनाही सांगता येईना. कामाची निघाली ती त्यांच्या पत्नीची वही. कोण कधी आले, किती तास जंगलात होते, किती पैसे दिले, सगळे पेन्सिलीने लिहिलेले. बाबा, ती वही पाहून मला तुमची लाल खतावणी आठवली.

छंद ठरला तर आणखी वाईट. पूर्वी छंदाचा खर्च निदान त्याच छंदाच्या मिळकतीपुरता, काही मर्यादेत, दाखवता येत असे. २०१८ पासून ती सोय बंद झाली आणि यंदा जुलैच्या कायद्याने कायमची गेली. म्हणजे ९,००० आले की सगळ्यावर कर, १४,००० गेले त्याची दखल नाही. धंदा ठरून पुढे नफा झाला, तर त्यावर साधारण १५.३ टक्के स्वयंरोजगार कर वेगळा. हे शेवटचे ऐकल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

‘तू त्यांचा छंद धंदा म्हणून खपवतोस का’ असे हे वाचून तुमच्या मनात येईल, बाबा. मी तसे करत नाही. ज्या पावत्यांवर अक्षर दिसत नाही, त्या मी धरल्या नाहीत. वेगळे खाते काढा, दर वाढवा आणि ते बदल लिहून ठेवा, असे सांगितले. यंदाचा निर्णय जानेवारीत सगळे कागद पाहून करू. नानांना वाचून दाखवायला हरकत नाही, कारण त्यांच्या शर्यतीच्या खोंडांना कोणी १८३ वे कलम लावले, तर खारीक, दूध आणि उडदाच्या पिठाचा खर्च कुठल्या वहीत मांडायचा, हे मलाही सांगता येणार नाही. एखादे मैदान मारले म्हणून तो धंदा होत नाही, हे काकू वीस वर्षे सांगतच आहेत.

मनीच्या लग्नासाठी दोन लाख रुपये गुरुवारी पाठवले आहेत. बँकेत कोणी विचारलेच, तर मुलाने वडिलांना दिलेल्या भेटीवर आपल्याकडे कर लागत नाही, एवढे सांगा. सोसायटीचे कर्ज काढू नका. मी मार्चमध्ये आणखी पाठवतो. पाहुण्यांनी फेब्रुवारीचा मुहूर्त धरला आहे हे समजले. आमच्याकडे विवरणपत्रांची मुदत १५ एप्रिलपर्यंत असते आणि तोवर रजा मिळणे केवळ अशक्य आहे. मी साहेबांना दोनदा विचारले. १७ मेपासून अधिक मास आहे, तो लागण्यापूर्वी एप्रिलअखेरचा एखादा दिवस त्यांना चालेल का, हे तुमच्या शब्दांत विचारून पाहाल का? नाहीच जमले तर माझ्यासाठी अडवून धरू नका, मी व्हिडिओवर पूर्ण वेळ असेन. माझ्या स्थळांचे मात्र मनीचे झाल्यावर बघू, आईने फोटो पाठवायची घाई करू नये.

आपला,
सुहास

ता. क. रजेचे मनीला मी अजून सांगितलेले नाही. ती दर फोनला ‘दादा, कितव्या तारखेला येतोस’ एवढेच विचारते आणि मी थंडीच्या गोष्टी सांगत बसतो. तुम्हीच सांगा.