रिकामी जागा रिकामी ठेवायलाही शिकवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावीची परीक्षा जवळ आली की इंग्रजीच्या शिकवण्यांत शब्दयोगी अव्ययांचा (प्रिपोझिशन्सचा) एक तक्ता हमखास फिरू लागतो. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, टू म्हणजे ला, विथ म्हणजे शी. मुले तो घोकतात, प्रश्नपत्रिकेतल्या रिकाम्या जागा भरतात आणि चार ओळी स्वतःच्या मनाने लिहायची वेळ आली की 'सिन्स टू इयर्स' आणि 'डिस्कस्ड अबाउट' लिहून मोकळी होतात. यात मुलांचा दोष कमी, तक्त्याचा जास्त, आणि सगळ्यात जास्त त्या रिकाम्या जागांचा.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले एका बाकावर बसतात. घरात, मनेयल्लि, इंट्लो, घर में : चारही भाषांत नाम आधी, प्रत्यय किंवा शब्दयोगी नंतर. इंग्रजीत क्रम उलटा. पण ही अदलाबदल मुलांना फार जड जात नाही. गाडी अडते ती पुढे, कारण आपला एकच प्रत्यय इंग्रजीतल्या तीन-चार शब्दांत विभागलेला असतो.

'पर्यंत' घ्या. 'पाचपर्यंत थांब' आणि 'पाचपर्यंत अर्ज दे' यांत मराठीला काहीच फरक वाटत नाही. इंग्रजीत पहिल्याला 'अनटिल' लागते, दुसऱ्याला 'बाय'. ओळखायची खूण मराठीतच आहे. क्रियापदाला 'त राहा' किंवा 'ऊन राहा' जोडून पाहावे. 'पाचपर्यंत थांबून राहा', 'वाचत राहा' हे जमते, म्हणून अनटिल. 'पाचपर्यंत अर्ज देत राहा' म्हटले तर खिडकीतला कारकूनही हसेल, तिथे बाय. 'पासून'चेही असेच. त्याच्या आधीच्या शब्दावर कॅलेंडरात बोट ठेवता येत असेल (२०२० पासून, गेल्या सोमवारपासून) तर 'सिन्स'. बोटे मोजावी लागत असतील (दोन वर्षांपासून, तीन दिवसांपासून) तर 'फॉर'. मात्र एवढ्यावर भागत नाही. मराठीत 'दोन वर्षांपासून इथे राहतो' हा साधा वर्तमानकाळ चालतो, म्हणून मुले 'आय ॲम लिव्हिंग हिअर' लिहितात. तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' हवे. शब्दयोगी बरोबर आणि काळ चुकीचा, अशी अर्धी दुरुस्ती वह्यांमध्ये जागोजागी दिसते. 'पासून' क्रियेची फक्त सुरुवात सांगत असेल, जसे 'येत्या सोमवारपासून शाळा', तर तिसराच शब्द येतो : 'फ्रॉम'.

काळाच्या बाबतीत मधला टप्पा दिवसाचा धरावा. आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. '१९३१ साली' आणि 'जानेवारीत' याला 'इन', कारण दोन्ही काळ दिवसापेक्षा मोठे. '१२ जानेवारीला' याला 'ऑन'. घड्याळातल्या वेळेला 'ॲट'. 'सकाळी' एकटे असेल तर 'इन द मॉर्निंग', पण 'सोमवारी सकाळी' म्हटले की दिवसाचे नाव बाजी मारते आणि 'ऑन मंडे मॉर्निंग' होते. 'रात्री'ला 'ॲट नाईट' हा अपवाद पाठच करावा, त्याला इलाज नाही. आणि दिवसाआधी 'नेक्स्ट', 'लास्ट', 'धिस' किंवा 'एव्हरी' आले की काहीच नको : 'ऑन नेक्स्ट मंडे' चूक.

जागेच्या बाबतीत 'वर' सर्वांत दगाबाज. गच्चीवर 'ऑन', स्टेशनवर 'ॲट', झाडावरच्या पाखराला 'इन', त्याच झाडावरच्या आंब्याला 'ऑन'. मनाचे व्यवहार आले की तक्ता पुरता कोलमडतो : एखाद्यावर अवलंबून असणे 'डिपेन्ड ऑन', विश्वास ठेवणे 'बिलीव्ह इन', हसणे 'लाफ ॲट', समस्येवरचा उपाय 'सोल्यूशन टू'. चारही ठिकाणी मराठीत 'वर'च आहे. वाहनांचे त्यामानाने सोपे. ज्यात उभे राहून दोन पावले चालता येते त्या एसटीला आणि रेल्वेला 'ऑन', रिक्षाला आणि मोटारीला 'इन'. कधी मराठी आपल्या बाजूनेही उभी राहते. 'सुताची चादर' यात सूत डोळ्यांना दिसते, म्हणून 'मेड ऑफ'. 'दुधापासून दही' यात दूध उरलेले नाही, म्हणून 'मेड फ्रॉम'. 'ची' आणि 'पासून' हा भेद आपण आधीच करत असतो, फक्त तो वर्गात कुणी दाखवत नाही.

आता मूळ तक्रार. रिकामी जागा छापली की तिथे काहीतरी भरायचेच, हे मुलाला आधीच कळते. प्रत्यक्षात अनेक चुका जिथे काहीच नको तिथे होतात. 'चर्चा केली' म्हणताना मनात 'विषयावर' असते, म्हणून 'डिस्कस्ड अबाउट'. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ हर'. 'खोलीत शिरला' म्हणून 'एन्टर्ड इन'. या चुकांमागे आणखी एक कारण आहे. इंग्रजीत पुष्कळदा नामाला शब्दयोगी लागते आणि त्याच शब्दाच्या क्रियापदाला लागत नाही. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, 'रिक्वेस्टेड फॉर लीव्ह' चूक. 'ॲन ऑर्डर फॉर टी' बरोबर, 'ऑर्डर्ड फॉर टी' चूक. 'एम्फसिस ऑन', पण नुसते 'एम्फसाइज'. 'डिस्कशन अबाउट', पण नुसते 'डिस्कस'. 'लॅक ऑफ मनी', पण 'दे लॅक मनी'. सरकारी पत्रव्यवहारातसुद्धा ही गल्लत नेहमीची, मग मुलांना काय बोलावे?

उलट बाजूची चूक कुणाच्या लक्षातही येत नाही, ती म्हणजे हवे तिथे शब्द गाळणे. 'बसायला खुर्ची', 'लिहायला पेन', 'राहायला घर' अशा रचनांत मराठी तो प्रत्यय गिळून टाकते. खुर्ची'वर' बसायचे, पेना'ने' लिहायचे, घरा'त' राहायचे, पण 'वर', 'ने', 'त' कुठेच दिसत नाहीत. म्हणून मुले 'अ चेअर टू सिट', 'अ पेन टू राइट' एवढेच लिहितात. हवे असते 'अ चेअर टू सिट ऑन', 'अ पेन टू राइट विथ', 'अ हाउस टू लिव्ह इन'. वाक्य उलगडून पाहिले, 'मी पेनाने लिहितो', की गिळलेला 'ने' सापडतो आणि त्याची जागा शेवटी कळते. शब्दयोगीने वाक्य संपवू नये, असे काही जण अजून शिकवतात. इंग्रजीत तसा नियम नाही. 'हू आर यू टॉकिंग टू' हे अस्सल इंग्रजी आहे.

शिक्षकांना आणि शिकवणीचालकांना आमची सूचना अशी. सरावाला दहा वाक्ये द्यावीत, त्यांत रिकामी जागा एकही नको. तीन वाक्ये बरोबर असावीत, तीनमध्ये शब्द गाळलेला, दोनमध्ये नको तो घुसवलेला, दोनमध्ये चुकीचा. मुलाने आधी वाक्य बरोबर की चूक ते ठरवावे, मगच दुरुस्त करावे. पहिल्या खेपेला बरोबर वाक्येही बिघडवली जातील. ते अपेक्षितच आहे. शब्दकोशात 'ऑन' शोधत बसू नये, ते पान संपता संपत नाही. क्रियापद शोधावे, आणि तेही उदाहरणवाक्ये देणाऱ्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात. नुसता मराठी अर्थ देणारा खिशातला कोश इथे कामाचा नाही. वहीत 'डिपेन्ड ऑन', 'लाफ ॲट', 'बिलीव्ह इन' अशा जोड्या लिहाव्यात, आणि 'डिस्कस', 'एन्टर', 'रीच', 'मॅरी' यांच्यापुढे 'इथे काही नको' या खुणेची लाल शाईने फुली मारावी.

आपले,
इंग्रजी विषयाचे काही शिक्षक, सोलापूर