‘त्यांना’ कुठून आलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेन या शहरांवरचा लेख वाचला. विषय निवडलात, बरं वाटलं. पण कॉव्हेंट्रीच्या पडक्या कॅथेड्रलच्या भिंतीवरच्या दोन शब्दांचं भाषांतर तुम्ही ‘देवा, त्यांना क्षमा कर’ असं छापलंत. हे ‘त्यांना’ लेखकाचं की आपल्या उपसंपादकांचं? भिंतीवर तर ते नाही.

तिथे फक्त ‘फादर फर्गिव्ह’ कोरलंय. बायबलात वधस्तंभावरचा येशू ‘त्यांना क्षमा कर’ म्हणतो. रिचर्ड हॉवर्ड या तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी तेवढंच गाळलं. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात आपलं चर्च डोळ्यांदेखत जळताना पाहिलेल्या माणसाने गाळलं, आणि तुम्ही ते ऐंशी वर्षांनी परत घातलंत!

मला हे ठाऊक असायचं कारण आमचे हे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलीकडे गेलो होतो तेव्हा त्या भिंतीसमोर उभे राहून मोठ्यांदा म्हणाले, “अहो, वाक्यात कर्म राहिलंय!” मी दंडाला धरून ओढत होते, पण हे थेट तिथल्या स्वयंसेवक आजोबांना चूक दाखवायला गेले. (इंग्रजांचं इंग्रजी तपासायची संधी कोण सोडेल?) आजोबा हसले. म्हणाले, “राहिलेलं नाही. ‘त्यांना’ लिहिलं असतं तर आम्ही सुटलो असतो.” मग ड्रेस्डेनवर ब्रिटिश विमानांनी काय केलं ते सांगत बसले. परतीच्या बसमध्ये हे अवाक्षर बोलले नाहीत. व्याकरणात हरलेले मी त्यांना तेवढंच पाहिलं.

कॅथेड्रलमधल्या शिल्पाच्या फोटोखाली ‘प्रेमी युगुल’ लिहिलंय, तेही पाहून घ्यावं. गुडघ्यांवर बसून एकमेकांना कवटाळणारी ती माणसं जोसेफिना द व्हास्कोन्सेलोस यांनी घडवली. युद्धानंतर नवऱ्याला शोधत युरोपभर पायी निघालेल्या एका बाईची हकिगत त्यांनी वाचली होती. म्हणजे नवरा-बायको हे खरं, पण बागेतल्या बाकावरचे नव्हेत. याच शिल्पाची प्रत १९९५ साली हिरोशिमालाही बसवली. लेखात हिरोशिमाचं नाव नाही.

ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे या चर्चवरचा सोनेरी क्रॉस लंडनच्या ज्या कारागिराने घडवला, त्याचे वडील १९४५मध्ये त्याच शहरावर बॉम्ब टाकायला गेलेले वैमानिक होते. यावर एक ओळ नाही. लेखकमहाशयांनी तिथे कोणता केक खाल्ला, त्याला मात्र अर्धा रकाना.

जाता जाता, शनिवारच्या शब्दकोड्यात उभ्या १४ची सूचना आहे, चौकोन नाहीत. तेही मुद्दाम गाळलं असेल तर कृपया कळवावे.

आपली नियमित वाचक,
सातारा